सॅमन माशाचें शाकान्न

मोठा मासा लहान माशाला गिळतो, या निसर्गक्रमाला आपल्या प्राचीन राजनीतिकारांनीं ‘मात्स्यन्याय’ असें नांव दिलें, आणि राजदंड नसेल तर मनुष्यांतहि तोच न्याय चालूं लागतो असा इशारा दिला. दृष्टान्तासाठीं मासा निवडतांना त्यांनीं एक गोष्ट गृहीत धरली होती. ती ही कीं, निदान माशांच्या राज्यांत तरी हा नियम अढळ राहील. गेल्या पन्नास वर्षांत नॉर्वेच्या खाड्यांमध्यें तोहि ढळला. तेथें पिंजऱ्यांत वाढविल्या जाणाऱ्या सॅमन माशाच्या खाद्यांत १९९० सालीं सुमारें ९० टक्के भाग समुद्रांतून आलेला असे. २०१३ सालीं तो ३० टक्क्यांच्या आसपास आला आणि २०२० सालीं २२ टक्क्यांवर उतरला. बाकीचें ताट सोयाबीन, गहूं व रेपसीडचें तेल यांसारख्या शेतमालानें भरूं लागलें. एका अट्टल मांसाहारी प्राण्याला तीस वर्षांच्या आंत जवळजवळ शाकाहारी करण्याचा हा उद्योग कसा घडला, आणि त्या प्राण्याच्या आंतड्यानें त्यास कसा विरोध केला, हा अर्वाचीन अन्नव्यवहाराच्या इतिहासांतील एक विलक्षण अध्याय आहे.

मुंबईच्या बाजारांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची चाल आहे. परंतु त्या नांवानें घोटाळा होऊं देतां कामा नये. रावस हा निराळ्या कुळांतला, उष्ण समुद्रांतला मासा. खरा अटलांटिक सॅमन थंड पाण्याचा रहिवासी आहे. तो गोड्या नदींत जन्मतो, कांहीं काळानें समुद्रांत उतरतो, तेथें हेरिंग, कॅपेलिन, लहान झिंगे अशा भक्ष्यावर पुष्ट होतो आणि अंडीं घालण्यासाठीं पुन्हा आपल्या जन्मनदीकडे फिरतो. त्याचें जठर आम्लयुक्त, आंतडें आंखूड, आणि पिठूळ पदार्थ पचविण्याची शक्ति अगदीं बेताची. वाघापुढें भाकरी ठेवावी, तशांतलीच ही गोष्ट.

मत्स्यपालनाच्या आरंभीं अशा माशाला काय चारावें याचा फारसा विचार करावा लागला नाहीं. अमेरिकेंतील मत्स्यबीज केंद्रांत खाटीकखान्यांतून आणलेलें काळीज दळून घालीत. पश्चिम किनाऱ्यावर तर अंडीं घालून मेलेल्या सॅमनचेंच मांस कच्चें दळून पुढच्या पिढीला चारीत. मात्स्यन्यायाची ही परमावधीच म्हटली पाहिजे. तिचें फळहि मिळालें. १९५० नंतरच्या दशकांत त्या किनाऱ्यावरील सॅमनमध्यें क्षयाच्या जातीचा विकार पसरलेला आढळला, आणि त्याचें मूळ ह्या कच्च्या मांसांत सांपडलें. मांस तापवून जंतुरहित करण्याची रीत पडल्यावर तो ओसरला. त्याच काळांत जॉन हाल्व्हर व त्यांचे सहकारी यांनीं माशांच्या आहाराचें शास्त्र मूळापासून रचण्यास आरंभ केला होता. १९५७ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, चिनूक जातीच्या सॅमनला दहा अमिनो आम्लें अन्नांतूनच मिळालीं पाहिजेत.

पुढील सर्व इतिहासाचें बीज ह्या शोधांत होतें. माशाला मासा लागत नाहीं. त्याला ठराविक अमिनो आम्लें, स्निग्धाम्लें, जीवनसत्त्वें व क्षार लागतात. तीं समुद्रांतून आलीं कीं शेतांतून आलीं, हा प्रश्न माशाचा नसून दुकानदाराचा आहे! तत्त्व म्हणून हें निर्दोष होतें. पण धान्याच्या दाण्यांत अमिनो आम्लांखेरीज आणखीहि पुष्कळ कांहीं असतें, आणि तें सॅमनच्या पोटांत गेल्यावर काय करतें हें कळावयास आणखी तीस-पस्तीस वर्षें जावीं लागलीं.

सॅमनची शेती खरी रुजली ती नॉर्वेंत. १९७० सालीं हित्रा बेटावरील ओवे व सिव्हर्ट ग्रॉन्टव्हेट या बंधूंनीं सुमारें २०,००० पिल्लें समुद्रांत तरंगत्या पिंजऱ्यांत सोडलीं. पिंजरा म्हणजे लांकडी चौकटीला टांगलेलें जाळें, एवढेंच. तत्पूर्वींहि कांहीं प्रयोग झाले होते. परंतु ह्या पिंजऱ्यांना यश आलें आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांनीं व शेतकऱ्यांनीं त्यांचें अनुकरण केलें. खाद्याची अडचण नव्हती. तारलीच्या कुळांतलें हेरिंग, स्वस्त कॅपेलिन, झिंग्यांच्या कारखान्यांतील टाकाऊ डोकीं व टरफलें यांचा ओला लगदा करून फावड्यानें पाण्यांत टाकीत. लगद्यांतील पुष्कळसा भाग तळाशीं जाऊन सडत असे. पण समुद्र मोठा आणि मासे थोडे, त्यामुळें त्याची कोणी फिकीर केली नाहीं.

ओल्या खाद्याचे दिवस फार टिकले नाहींत. १९७९ च्या सुमारास हित्रा बेटाच्या आसपास थंडीच्या दिवसांत सॅमन मोठ्या संख्येनें मरूं लागले. त्यांच्या शरीरांत रक्तस्राव झालेला दिसे. रोगाला ‘हित्रा रोग’ असेंच नांव पडलें, आणि त्याच्या कारणावरून शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षें वाद माजला. एक पक्ष म्हणे, हा आहाराचा दोष आहे, जीवनसत्त्व ‘ई’ ची उणीव आहे; दुसरा म्हणे, हा जंतूचा प्रताप आहे. अखेरीस १९८६ सालीं एमी एगीडियस व त्यांचे सहकारी यांनीं त्या जंतूचें शास्त्रीय वर्णन व नामकरण केलें आणि पुढें लस टोंचून रोग आटोक्यांत आला. वाद जंतुपक्षानें जिंकला; परंतु तो चालू असतां माशाच्या ताटाकडे जें बारकाईनें लक्ष गेलें, तें पुन्हा ढळलें नाहीं. ओला लगदा हळूहळू मागें पडला आणि कोरड्या गोळ्या आल्या.

ह्या गोळ्या करण्याची कृति सोऱ्यांतून शेव पाडण्यासारखी आहे. पीठ, भुकटी व पाणी यांचें मिश्रण भरपूर उष्णता व दाब देऊन साच्याच्या छिद्रांतून बाहेर ढकलतात. बाहेर येतांच तें फुलतें, त्याचे तुकडे पाडतात, वाळवितात आणि त्यांच्या छिद्रांत तेल मुरवितात. अशा गोळीचा तिसरा हिस्सा तेलाचा असूं शकतो. ती सांठवितां येते, यंत्रानें फेंकतां येते आणि पाण्यांत विरघळत नाहीं. मासे झपाट्यानें वाढूं लागले, धंदाहि वाढला. पण गोळींत घालण्यासाठीं मासळीची भुकटी व मासळीचें तेल लागे, आणि तें कोठून येत होतें हें पाहण्यासाठीं नॉर्वेचा किनारा सोडून दक्षिण अमेरिकेंत पेरूकडे वळलें पाहिजे.

पेरूच्या किनाऱ्याशीं थंड प्रवाहांत अँकोवेटा नांवाचा बोटभर मासा अगणित संख्येनें असतो. कोकणांतल्या मांदेलीचें कूळ आणि त्याचें कूळ एकच. १९७० सालीं पेरूच्या बोटींनीं ह्या एका माशाची १ कोटी २० लाख टनांहून अधिक पकड केली. जगांतील दुसऱ्या कोणत्याहि एका माशाची इतकी पकड कधीं झाली नव्हती. त्यांतला बहुतेक सर्व मासा दळून त्याची भुकटी युरोप-अमेरिकेंतील कोंबड्यांना व डुकरांना जाई. हा मासा माणसानें खाण्याजोगा आहे. परंतु पेरूंतील गरिबाच्या ताटापेक्षां परक्या कोंबडीच्या भांड्याला त्याची किंमत अधिक येत होती. मग १९७२ सालीं ‘एल निनो’ नांवाचा उष्ण पाण्याचा लोंढा आला, आणि आधींच बेसुमार उपसलेला हा सांठा कोसळला. १९७३ सालीं पकड २० लाख टनांच्याहि आंत आली. पेरूच्या लष्करी सरकारनें त्याच वर्षीं सर्व धंदा राष्ट्राच्या मालकीचा केला, पण गेलेला मासा सरकारी हुकुमानें परत येत नसतो.

भुकटी महागली तशी प्रथिनांसाठीं सर्वांची धांव सोयाबीनकडे लागली. भाव इतके भडकले कीं, २७ जून १९७३ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारनें सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. ती फार दिवस टिकली नाहीं. पण जपानसारख्या देशाला, ज्याचें रोजचें जेवण सोयाबीनवांचून होत नाहीं, त्या थोड्या दिवसांची दहशत पुरेशी झाली. जपाननें ब्राझिलशीं बोलणीं करून तेथील सेराडो नांवाच्या विस्तीर्ण माळरानावर सोयाबीन पिकविण्याच्या योजनेस १९७९ पासून भांडवल पुरविलें. सेराडोची जमीन आम्ल व निःसत्त्व. विशेषतः फॉस्फरसाचा तींत दुष्काळ. चुना व खनिज फॉस्फेट यांचा मारा करून आणि उष्ण कटिबंधास मानवतील अशीं नवीं वाणें निर्माण करून ब्राझिलच्या कृषिशास्त्रज्ञांनीं ती पिकाखालीं आणली. एका माशाच्या दुष्काळानें हजारों कोसांवरील माळरानाचा कायापालट व्हावा, अशीं उदाहरणें इतिहासांत थोडीं आहेत.

यामुळें १९९० च्या आगेमागें नॉर्वेंतील खाद्यवाल्यांपुढें दोन दुकानें उघडीं होतीं. एक समुद्राचें, तें कधीं बंद पडेल याचा नेम नाहीं. दुसरें शेताचें, तें स्वस्त व दिवसेंदिवस भरत चाललेलें. त्यांनीं दुसऱ्याची पायरी चढावी यांत नवल नाहीं. परंतु सोयाबीनची साधी पेंड खाद्यांत घातल्याबरोबर सॅमनच्या आंतड्यानें बंड केलें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत नेदर्लंड्समधील व्हान डेन इंग व त्यांचे सहकारी यांनीं अशा माशांचें आंतडें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून दाखविलें कीं, त्याच्या शेवटच्या भागास दाह झालेला आहे, आंतील घड्या आंखूड झाल्या आहेत आणि अन्नकण शोषून घेणाऱ्या पेशींचें नेहमींचें रूप पालटलें आहे. १९९६ सालीं ग्रेटे बेव्हरफ्योर्ड व ओशिल्ड क्रोगडाल या नॉर्वेजियन संशोधक स्त्रियांनीं ह्या दाहाचा चढ-उतार टप्प्याटप्प्यानें नोंदविला: सोयाबीन सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत तो दिसूं लागतो, आणि खाद्य पालटलें कीं कांहीं आठवड्यांत आंतडें पूर्ववत् होतें. माशाला बोलतां येत नाहीं. पण याहून स्पष्ट तक्रार ती कोणती असावी?

कच्चें सोयाबीन बाधतें हें शास्त्राला नवें नव्हतें. ऑस्बॉर्न व मेंडेल यांनीं १९१७ सालींच दाखविलें होतें कीं, उंदरांची वाढ शिजविलेल्या सोयाबीनवर होते, कच्च्यावर होत नाहीं. प्रथिनें पचविणाऱ्या ट्रिप्सिनला अडविणारें एक द्रव्य त्यांत असतें, तें उष्णतेनें नष्ट होतें. परंतु सॅमनचा दाह उकडलेल्या पेंडीनेंहि होई. त्याचें मुख्य कारण पुढें सॅपोनिन ह्या द्रव्यांत सांपडलें. रिठ्याला व शिकेकाईला फेस येतो तो ह्याच जातीच्या द्रव्यांमुळें. सोयाबीनमध्यें त्यांचें प्रमाण थोडें, परंतु सॅमनच्या नाजूक आंतड्याला तेवढेंहि सोसत नाहीं. यावर उपाय निघाला तो धुण्याचाच! पेंड मद्यार्कमिश्रित पाण्यानें धुतली म्हणजे सॅपोनिनें व न पचणाऱ्या कांहीं शर्करा निघून जातात आणि सोयाबीनचें ‘प्रथिनसार’ मागें उरतें. आज सॅमनच्या खाद्यांतील सोयाबीन बहुतेक ह्याच स्वरूपाचें असतें. २०२० सालीं नॉर्वेच्या सॅमनखाद्यांत त्याचा हिस्सा सुमारें एक पंचमांश होता.

धुतल्यानें एक शत्रु गेला, दुसरा राहिला. त्याचें नांव फायटिक आम्ल. प्रत्येक बी आपल्या भावी अंकुरासाठीं फॉस्फरसाची शिदोरी बांधून ठेवतें, आणि ती ह्या आम्लाच्या रूपांत कुलूपबंद असते. बियांतील एकूण फॉस्फरसापैकीं सुमारें दोन तृतीयांश भाग असा बंदिस्त असतो. ज्या प्राण्याजवळ किल्ली नाहीं त्याच्या पोटांतून तो जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि जातां जातां जस्तासारखे क्षार व कांहीं प्रथिनेंहि आपल्याबरोबर ओढून नेतो. सॅमनजवळ ही किल्ली नाहीं. समुद्राच्या पाण्यांत फॉस्फरस अत्यल्प, म्हणून तो अन्नांतूनच मिळाला पाहिजे. न मिळाल्यास पाठीचा कणा वेडावांकडा होतो.

किल्ली म्हणजे फायटेज नांवाचें विकर, ज्याच्या जातीच्या पदार्थांना इंग्रजींत एन्झाइम म्हणतात. मुगाला मोड आणतांना घरोघरीं हेंच घडतें: दाणा भिजून जागा झाला कीं त्याचें स्वतःचें फायटेज कामाला लागतें आणि शिदोरी सुटूं लागते. आपल्या पूर्वजांनीं कडधान्यें भिजवून, मोड आणून खाण्याची चाल पाडली तेव्हां त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. चाल मात्र शास्त्रशुद्ध निघाली. ह्या विकराचा शोध १९०७ सालीं जपानी शास्त्रज्ञ उमेतारो सुझुकी व त्यांचे सहकारी यांनीं भाताच्या कोंड्यांत लावला. त्याच कोंड्यांतून तीन वर्षांनीं, १९१० सालीं, सुझुकींनीं बेरीबेरीवरील गुणकारी द्रव्य वेगळें केलें, जें आज जीवनसत्त्व ‘ब-१’ म्हणून ओळखलें जातें. कांडणाऱ्यानें फेंकून दिलेल्या कोंड्यांतून एका मनुष्यानें दोन रत्नें काढलीं. त्यांपैकीं पहिलें मात्र ऐंशीहून अधिक वर्षें बाजाराच्या उपयोगी पडलें नाहीं.

तें बाजारांत आलें तें डुकरांमुळें. नेदर्लंड्ससारख्या चिमुकल्या देशांत डुकरें व कोंबड्या इतक्या झाल्या कीं, त्यांच्या विष्ठेंतील फॉस्फरस जमिनींत मावेना. तो ओढ्यांत व तळ्यांत जाऊन शेवाळें माजवूं लागला. सरकारनें निर्बंध घातले, आणि १९९१ सालीं बुरशीपासून काढलेलें फायटेज तेथें विक्रीस आलें. डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यांत त्यानें उत्तम काम केलें. मग सॅमनला तेंच द्यावें, यापेक्षां सोपें काय?

येथें निसर्गानें पुन्हा अडवणूक केली. हें विकर ५०-६० अंश सेल्सियसला सर्वांत जोमानें चालतें. डुकराचें शरीर ३९ अंशांचें, कोंबडीचें त्याहून उष्ण. तेथें त्याचें भागतें. सॅमन हा शीतरक्ताचा, म्हणजे भोंवतालच्या पाण्याइतकाच गार, आणि तें पाणी हिंवाळ्यांत चार-पांच अंशांवर येतें. पोटांतल्या त्या गारठ्यांत विकर जणूं झोंपेंतच काम करतें. उलट गोळी पाडतांना सोऱ्यांतली उष्णता शंभर अंशांच्या वर जाते, आणि त्या भट्टींत तें मरून जातें. म्हणजे कारखान्यांत फार ऊन व माशाच्या पोटांत फार थंड, अशी दुहेरी कोंडी झाली. तींतून दोन वाटा निघाल्या. एक, गोळी तयार होऊन निवल्यावर विकर तेलापाण्यांतून वरून शिंपडावयाचें. दुसरी, माशाच्या पोटावर विसंबूनच राहावयाचें नाहीं. सोयाबीनच आधीं ऊन पाण्यांत विकर घालून मुरवावयाचें आणि कुलूप बाहेरच उघडावयाचें. नॉर्वेंतील ट्रोंड स्टोरेबाकन व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही दुसरी वाट चोखाळली. फायटेजनें संस्कारिलेलें प्रथिनसार खाणाऱ्या सॅमनला तें अधिक पचलें आणि त्यांतील फॉस्फरसहि अधिक लाभला. मुगाला मोड आणण्याचीच ही कारखानदारी आवृत्ति होय.

ह्या कथेची एक उलटी बाजू मुंबईंत दिसली. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेंतील संशोधकांनीं २००० नंतरच्या दशकांत फायटेजचे प्रयोग रोहू माशावर केले. रोहूचें पाणी ऊबदार, म्हणून थंडीची अडचण नाहीं. पण रोहूला जठरच नसतें. त्यामुळें विकराला लागणारें आम्ल त्याच्या पोटांत मिळत नाहीं. त्यांनीं खाद्यांत फायटेजबरोबर सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबांत असतें तें आम्ल, मिसळलें, आणि दोहोंचा संयोग एकेकट्यापेक्षां गुणकारी ठरला. सॅमनला आंबट पोट आहे पण ऊब नाहीं. रोहूला ऊब आहे पण आंबटपणा नाहीं. खाद्याचें एकच सूत्र सर्व माशांना लावतां येत नाहीं, हें ह्या जोडीइतकें चांगलें दुसऱ्या कशानेंहि दिसत नाहीं.

फॉस्फरसाचा हा प्रवास एकदां सलग पाहण्यासारखा आहे. खाणींतून काढलेलें फॉस्फेट सेराडोच्या मातींत जातें, तेथून तें सोयाबीनच्या दाण्यांत कुलूपबंद होतें, जहाजांतून अटलांटिक ओलांडतें, आणि किल्ली नसेल तर सॅमनच्या पोटांतून न शिवतां नॉर्वेच्या खाडीच्या तळाशीं जाऊन बसतें. ती तूट भरून काढण्यासाठीं गोळींत पुन्हा खनिज फॉस्फेट घालावें लागतें! विकराची खरी किंमत चार दाणे अधिक पचण्यांत नाहीं, तर ही दुहेरी उधळपट्टी थांबविण्यांत आहे.

तेलाची कथा याहून थोडक्यांत सांगण्यासारखी आहे, कारण तेथें आंतड्यानें तक्रार केली नाहीं. मोहरीच्या जातीच्या रेपसीडचें तेल सॅमन निमूटपणें पचवितो. तक्रार झाली ती खाणाऱ्या माणसाच्या बाजूनें. ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांसाठीं डॉक्टर हा मासा खाण्यास सांगतात, तीं सॅमनला मुख्यतः त्याच्या भक्ष्यांतूनच मिळतात. स्कॉटलंडमधील स्प्रेग, डिक व टोशर यांनीं २०१६ सालीं दाखविलें कीं, तेथील पाळीव सॅमनमधील ह्या स्निग्धाम्लांचें प्रमाण २००६ ते २०१५ ह्या काळांत निम्म्यावर आलें होतें. पूर्वीं जें एका तुकड्यांत मिळे त्यासाठीं आतां दोन खावे लागतात.

आणि ज्या समुद्राचा भार हलका करावयाचा होता, त्याचा भार गेला कोठें? २०२० सालीं नॉर्वेच्या सॅमनला लागलेलें खाद्य जवळजवळ २० लाख टन होतें. समुद्राचा टक्का घटला. पण धंदाच इतका फुगला कीं, समुद्रांतून येणारा एकूण माल टक्क्याच्या प्रमाणांत कमी झाला नाहीं, आणि शेतांवरचें ओझें मात्र नव्यानें उभें राहिलें. ब्राझिलमधील जंगलतोडीचा प्रश्न युरोपांतील ग्राहक विचारूं लागले, तेव्हां नॉर्वेला प्रथिनसार पुरविणाऱ्या ब्राझिलियन कारखानदारांनीं २०२१ सालीं जाहीर केलें कीं, ऑगस्ट २०२० नंतर रान तोडून केलेल्या शेतांतलें सोयाबीन आपण घेणार नाहीं. युरोपीय संघानें २०१७ पासून माशांच्या खाद्यांत किड्यांच्या प्रथिनांस मुभा दिली आहे. रानांतल्या सॅमनची पिल्लें नदींत किडेच खातात, तेव्हां हा बदल तरी त्यांना परका वाटूं नये. ओमेगा-३ ची तूट भरण्यासाठीं समुद्रांतील ज्या सूक्ष्म जीवांपासून तें मूळ निर्माण होतें, तेच आतां लोखंडी टांक्यांत वाढविले जातात. अमेरिकेच्या नेब्रास्का संस्थानांतील ब्लेअर गांवीं अशा तेलाचा मोठा कारखाना २०१९ सालीं सुरू झाला. किनारा तेथून हजार किलोमीटरांहून दूर आहे. टांक्यांतील त्या जीवांना खाऊं घालतात ती साखर मक्यापासून काढलेली असते, आणि मका भोंवतालच्या शेतांत पिकतो.